शाळेची छायाचित्रे व त्यांची जतनव्यवस्था

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले दादासाहेब फाळके हे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्यापूर्वी, १९१२ साली, त्यांनी एक लहानसा प्रयोग केला होता, तो शिक्षकांच्या विशेष उपयोगाचा आहे. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्यांनी कॅमेरा समोर ठेवला व रोज थोडे थोडे चित्रण करीत त्या दाण्याचा अंकुर, अंकुराचे रोप असा सारा वाढीचा क्रम टिपला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने तो लघुपट ओळखला जातो. यातील एकेक चित्र सुटे पाहिले तर त्यात विशेष काही दिसणार नाही. कुंडी तीच, माती तीच. त्या चित्रांना अर्थ आला तो त्यांच्या क्रमामुळे. तीच चित्रे कोणी विस्कटून टाकली असती, तर वाटाण्याचे रोप कधी वाढलेच नसते.

आज प्रत्येक शिक्षकाच्या हाती मोबाइलच्या रूपाने कॅमेरा आहे. प्रवेशोत्सव, वृक्षारोपण, पोषण आहार, विज्ञान प्रदर्शन, स्वातंत्र्यदिन, पालकसभा, या प्रत्येक प्रसंगी छायाचित्रे घेतली जातात व वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविलीही जातात. चित्रे पुष्कळ झाली. त्यांचा क्रम मात्र लागलेला नाही. अशा विस्कटलेल्या चित्रांचे शाळेच्या दप्तरात रूपांतर कसे करावे, हे या लेखात सांगावयाचे आहे.

हानी कशी होते

एक साधा हिशेब पाहावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेचे वर्षाला किमान २०० कामाचे दिवस होतात. दिवसाला सरासरी पाच छायाचित्रे धरली तरी वर्षाला १,००० चित्रे होतात. शिक्षक एका शाळेत सात वर्षे राहिला, तर ७,००० चित्रे जमतात. त्यांतून एखादे चित्र शोधण्यासाठी प्रत्येकावर पाच सेकंद नजर टाकावयाची म्हटले, तरी जवळजवळ दहा तास लागतील. म्हणजे चित्र असूनही नसल्यासारखेच होय.

दुसरी हानी अधिक मोठी आहे. शिक्षकाची बदली होते. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके, जडवस्तुसंग्रह नोंदवही ही सारी यादीप्रमाणे नव्या शिक्षकाच्या स्वाधीन होतात. छायाचित्रे मात्र जाणाऱ्या शिक्षकाच्या मोबाइलमध्ये निघून जातात. पुढे तो मोबाइल बिघडतो, हरवतो किंवा बदलला जातो आणि शाळेची सात वर्षे कोणाच्याही नकळत पुसली जातात.

या हानीचे मोल घरोघरी सारखे नसते. शहरातील मुलाचे घरी शेकडो फोटो असतात. परंतु पेठ, सुरगाणा या भागांतून द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीस जाणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने पाहावे. त्या घरातील मुलीचे पहिलीच्या वर्गातले एकमेव चित्र कदाचित शाळेतच निघालेले असते. दहा वर्षांनी ती मुलगी किंवा तिची आई शाळेत आली व “बाईंनी तेव्हा एक फोटो काढला होता, तो आहे का?” असे विचारू लागली, तर शाळेला ‘होय’ म्हणता यावे. तेवढ्यासाठीच पुढील सारा खटाटोप आहे.

चित्र आणि नोंद

चित्र आणि नोंद यांत भेद आहे. कोण, कोठे, केव्हा, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यासोबत आहेत, ती नोंद. ज्याच्यासोबत नाहीत, ते नुसते चित्र.

यांपैकी ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर मोबाइल आपण होऊन लिहून ठेवतो. छायाचित्र घेतल्याची तारीख व वेळ चित्राच्या फाइलमध्येच अदृश्य रूपाने साठविण्याची पद्धत ‘एक्झिफ’ या नावाने १९९५ साली जपानमध्ये ठरली व आता ती सर्वत्र चालते. संगणकावर चित्रावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास ही तारीख वाचता येते. मात्र मोबाइलचे घड्याळ चुकलेले असेल तर तारीखही चुकीचीच पडते, यास्तव ते अधूनमधून तपासावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेले छायाचित्र आकुंचित होऊन जाते व त्यातील घेतल्याच्या तारखेची ही नोंद गळून पडते. समूहावरून पुन्हा उतरवून घेतलेल्या चित्रावर जी तारीख दिसते, ती उतरवून घेतल्याची असते, प्रसंगाची नव्हे. म्हणून शाळेच्या संग्रहासाठी मूळ चित्रच केबल जोडून मोबाइलमधून संगणकावर घ्यावे. पाठविण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. तसे केल्यास मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते.

‘कोण’ आणि ‘कोठे’ यांची उत्तरे मात्र माणसानेच लिहावयाची असतात. ती त्याच आठवड्यात लिहिली गेली नाहीत, तर पुढे लिहिली जात नाहीत.

मांडणीची रीत

जुन्या कचेऱ्यांत कागद रुमालात बांधून ठेवीत. एका विषयाचा एक रुमाल, त्यावर वर्ष व विषय लिहिलेली चिठ्ठी. संगणकावरील फोल्डर म्हणजे असाच रुमाल होय. शाळेच्या वा घरच्या संगणकावर ‘शाळा छायाचित्रे’ नावाचा एकच मुख्य फोल्डर करावा. त्यात प्रत्येक शैक्षणिक वर्षाचा एक, जसे ‘२०२५-२६’, असा फोल्डर असावा. वर्षाच्या पोटात पाच विभाग पुरेसे होतात : वर्गचित्रे, अध्यापन व शैक्षणिक साहित्य, सण, सभा व उपक्रम, पोषण आहार व आरोग्य, इमारत व परिसर. विभाग याहून फार वाढवू नयेत. जी व्यवस्था लावण्यास फार विचार करावा लागतो, ती महिन्याभरात मोडते.

फाइलला नाव देताना प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, नंतर प्रसंग व शेवटी अनुक्रमांक, अशी रीत ठेवावी. उदाहरणार्थ, ‘२०२५-०८-१५ ध्वजवंदन ०१’. आपण एरवी दिवस आधी लिहितो. मग येथे उलटा क्रम कशासाठी, असे वाटेल. संगणक नावे डावीकडून उजवीकडे लावीत जातो. दिवस आधी लिहिल्यास सर्व वर्षांच्या एक तारखा एकत्र येतात व २०२३ चे चित्र २०२५ च्या शेजारी जाऊन बसते. वर्ष आधी लिहिल्यास चित्रे आपोआप कालक्रमाने लागतात. तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातही (आयएसओ ८६०१, वर्ष १९८८) हाच क्रम आहे. एक आकडी महिना व दिवस यांपूर्वी शून्य लिहावे. अंक मराठी वापरावयाचे की इंग्रजी हे एकदा ठरवावे. दोहोंची भेसळ केल्यास क्रम बिघडण्याचा संभव असतो.

निवड करणे हेही शिक्षकाचेच काम आहे. एका प्रसंगाची वीस चित्रे असतील, तर अस्पष्ट, डोळे मिटलेली व एकाच प्रकारची चित्रे काढून टाकून चार-पाच ठेवावीत. प्रमुख पाहुण्यांची सात व मुलांचे एक, अशी निवड होऊ नये. कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांचे चित्र कोणी पाहात नाही. मुलांचे चित्र वर्षे लोटतील तसतसे मोलाचे होते.

चित्र कापावयाचे किंवा उजळ करावयाचे असल्यास त्याची प्रत काढून प्रतीवर काम करावे, मूळ चित्रास हात लावू नये. बहुतेक मोबाइल ज्या ‘जेपेग’ पद्धतीने चित्र साठवितात, तीत चित्र बदलून पुन्हा साठविले की दर वेळी थोडा तपशील कमी होतो.

छायाचित्र नोंदवही

संगणकासोबत एक साधी कागदी वही असावी. तीत पुढील रकाने आखावेत : अनुक्रमांक, दिनांक, प्रसंग व स्थळ, चित्रातील व्यक्ती, चित्र घेणारा, शेरा. सर्वच चित्रांची नोंद शक्य नाही व आवश्यकही नाही. परंतु दरवर्षीच्या वर्गचित्राची नोंद अवश्य करावी. ओळीओळीने, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक मुलाचे पूर्ण नाव लिहावे. चौथी-पाचवीच्या मुलांकडून हे काम करवून घेतल्यास लेखनाचा सराव होतो आणि एखादे नाव चुकले तर मुलेच ते तत्काळ दुरुस्त करतात.

प्रती व त्यांची जागा

एकच प्रत असणे म्हणजे जवळजवळ नसणेच होय. या बाबतीत पीटर क्रोग या छायाचित्रकारांनी रूढ केलेला ‘तीन-दोन-एक’ नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. प्रती तीन असाव्यात. त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. शाळेपुरते बोलावयाचे तर एक प्रत संगणकावर, एक कपाटातील बाह्य हार्ड डिस्कवर व एक केंद्रशाळेत किंवा इंटरनेटवरील साठवणीत ठेवता येईल.

दुसरे ठिकाण कशासाठी, हे गोदाकाठच्या शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा-चांदोरी परिसरात शिरले. अशा वेळी संगणक व कपाटातील डिस्क एकाच खोलीत असतील, तर दोन प्रती असूनही उपयोग होत नाही.

खर्चाची चिंता करण्याचे कारण नाही. एक चित्र सुमारे तीन मेगाबाइटचे धरल्यास १,००० चित्रांना वर्षाला साधारण तीन गिगाबाइट जागा लागते. ६४ गिगाबाइटच्या लहानशा साधनात वीस वर्षे सहज मावतील. मात्र पेन ड्राइव्ह ही कायमची तिजोरी नव्हे. तो अनेक वर्षे तसाच पडून राहिल्यास त्यातील माहिती नष्ट होऊ शकते. म्हणून वर्षातून एकदा सर्व प्रती उघडून पाहाव्यात व दर काही वर्षांनी साधन बदलावे. घर शाकारावयाची वेळ जशी ठरलेली असते, तद्वत उन्हाळी सुटीपूर्वीचा आठवडा या कामास ठरवून टाकावा.

मुलांची प्रतिष्ठा

शाळेजवळ चित्र असणे निराळे आणि ते जगापुढे मांडणे निराळे. मुलाचे नाव, गाव व चित्र एकत्र प्रसिद्ध करू नये. मदत म्हणून गणवेश किंवा वह्या स्वीकारणाऱ्या मुलाचे चित्र स्टेटसवर लावताना, ते मूल मोठेपणी हे चित्र पाहील तेव्हा त्यास काय वाटेल, याचा विचार करावा. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. प्रवेशाच्या वेळीच पालकांना समजावून सांगून लेखी संमती घेणे इष्ट. नावांसह असलेली नोंदवही व संग्रह शाळेच्या कुलपात राहावा. वैयक्तिक मोबाइलवरील मुलांची चित्रे संगणकावर घेतल्यानंतर, प्रतींची खात्री करून, मोबाइलमधून काढून टाकावीत.

कार्यभार देताना

बदलीच्या वेळी द्यावयाच्या यादीत ‘छायाचित्र संग्रह : हार्ड डिस्क एक, नोंदवही एक’ ही ओळ जोडावी. नव्या शिक्षकाने ती उघडून, दोन-चार वर्षांची चित्रे पाहून मगच सही करावी. ही एक ओळ लिहिली गेली, तर वरील सर्व श्रम टिकतील. न लिहिली गेली, तर ते एका शिक्षकाची हौस म्हणून संपतील.

दादासाहेब फाळके यांनी आपल्या हयातीत शंभराच्या आसपास चित्रपट निर्माण केले असे सांगतात. त्यांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच पाहावयास मिळतो. त्या काळची नायट्रेटची फिल्म लवकर पेट घेई व कुजून जाई. दादासाहेब १९४४ साली नाशिक येथे निवर्तले आणि चित्रपट जतन करणारे राष्ट्रीय संग्रहालय पुण्यास स्थापन झाले ते १९६४ साली. निर्माण करणारा थोर होता. सांभाळण्याची व्यवस्था मात्र वीस वर्षे उशिरा आली.

जुनी ७,००० चित्रे एकदम लावावयास बसू नये. त्याने उत्साह मावळतो. चालू वर्षापासून आरंभ करावा व जुने वर्ष दर सुटीत एक याप्रमाणे मागे मागे जावे. आरंभासाठी एक सोपा पाठही घेता येईल. वृक्षारोपणातील एक रोप निवडावे व दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, त्याच जागी उभे राहून, मुलांकडून त्याचे एक छायाचित्र घ्यावे. वर सांगितल्याप्रमाणे नावे द्यावीत. वर्षअखेरीस संगणकावर ती चित्रे क्रमाने दाखवावीत. रोप वाढताना मुलांना दिसेल, आणि नीट लावून ठेवलेल्या चित्रांचा उपयोग काय, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.