किंग ऑफ द मिडल मार्च
इंग्रज कवी व कादंबरीकार केव्हिन क्रॉसली-हॉलंड (१९४१– ) यांच्या किशोरांसाठी लिहिलेल्या आर्थर-कादंबरीत्रयीचा अखेरचा भाग (२००३). द सीइंग स्टोन (२०००) व ॲट द क्रॉसिंग-प्लेसेस (२००१) हे आधीचे भाग. इंग्लंड-वेल्स सीमाप्रदेशातील आर्थर या मुलाला मर्लिनकडून ज्वालाकाचेचा काळा दगड मिळतो आणि त्यात आपल्याच नावाच्या दंतकथेतील राजाचे चरित्र दिसू लागते. या भागात तो चौथ्या धर्मयुद्धासाठी व्हेनिसला येतो. जहाजांसाठी ठरलेले ८५,००० मार्क धर्मयोद्ध्यांना पुरते देता आले नाहीत. देण्याची मुदत वाढवून मिळावी म्हणून त्यांनी १२०२ मध्ये पोपची मनाई झुगारून झारा (सध्याचे क्रोएशियातील झादर) हे ख्रिस्ती नगरच जिंकले. ही इतिहासातील घटना कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. दगडात गोलमेजाचा भंग दिसत असतानाच भोवती धर्मयुद्धाचे ध्येय ढासळते. दगड नायकाला कोणतेही सामर्थ्य देत नाही. तो केवळ स्वतःचे आचरण पारखण्याचे माप देतो. जेरूसलेम न गाठताच आर्थर जखमी लॉर्ड स्टीफनसह मायदेशी परततो. तेथे कॅटमोल ही जहागीर त्याची वाट पाहत असते. रोमन लिपीत या नावाची अक्षरे फिरवली, की राजा आर्थरच्या राजधानीचे ‘कॅमलट’ हे नाव होते. न्याय्य राज्याचा शोध परक्या भूमीत नव्हे, तर आपल्याच जमिनीवर घ्यावयाचा असतो, हे कादंबरीचे सूत्र त्यातून सूचित होते.