सोन्याच्या दुकानापुढचा दही बडा: गाळा घेण्याआधी इंदूरचा सराफा बघून या



खाण्याचा धंदा सुरू करणारे मला सगळ्यात जास्त काय विचारतात माहीत आहे? रेसिपी नाही, मार्केटिंग नाही. "सर, गाळा घेऊ का?" आज या प्रश्नावर बोलू. पण त्यासाठी आधी इंदूरला जाऊ, तेही रात्री दहा वाजता आणि रिकाम्या पोटी.

झालं असं की, आमच्या नाशिकच्या बॅचमध्ये एक ताई होत्या. घरून थालीपिठाच्या ऑर्डर घ्यायच्या. हाताला चव, गिऱ्हाईक पक्कं. त्यांनी मेन रोडला एक गाळा बघून ठेवला होता. डिपॉझिट 3 लाख, भाडं महिन्याला 22 हजार. डिपॉझिटसाठी हातातल्या बांगड्या गहाण ठेवायचं घरात ठरलंसुद्धा होतं. "सर, सोमवारी टोकन द्यायचंय," म्हणाल्या.

मी म्हटलं, "ताई, टोकन आठ दिवस पुढे ढकला. बॅचमधले आम्ही काही जण इंदूरला चाललोय. तुम्ही या, मिस्टरांनाही घेऊन या. खायलाच जायचंय."

एक गल्ली, दोन पाळ्या

इंदूरचा सराफा बाजार होळकरांच्या राजवाड्यापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. दिवसा गेलात तर ती सरळ सरळ सोन्याचांदीची पेठ. काचेची कपाटं, तराजू, लग्नाची खरेदी. रात्री आठ-नऊच्या सुमाराला शटर खाली यायला लागतात. आणि त्याच शटरपुढे, त्याच ओट्यांवर, कढया आणि शेगड्या लागायला लागतात. दहा वाजता पाय ठेवायला जागा नसते. मध्यरात्र उलटून गेली तरी गल्ली जागीच.

सराफांनी हे चालू कसं दिलं? तिथले लोक सांगतात की रात्रभर माणसांचा वावर असला की बंद दुकानांनाही राखण होते. म्हणजे एकाच्या बंद वेळेत दुसऱ्याचा धंदा, आणि फायदा दोघांचा.

आधी पोटोबा

जाणाऱ्यांसाठी माझा सल्ला: चार जण मिळून जा आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्लेट घ्या. नाहीतर तिसऱ्या दुकानापाशीच पोट भरतं.

सुरुवात भुट्ट्याच्या किसाने करा. कोवळं कणीस किसून, दुधात आणि मसाल्यात शिजवतात. वरून लिंबू, कोथिंबीर. थंडीत गेलात तर गराडू चुकवू नका. हा एक कंद. तळून कुरकुरीत करतात आणि वर जीरावण भुरभुरतात. जीरावण म्हणजे माळव्याचा आंबट-तिखट मसाला, तिथे तो पोह्यांवरही लागतो. साबूदाणा खिचडी आपल्यासारखी शेंगदाण्याच्या कुटात परतलेली नसते. वाफवलेला साबूदाणा, मसाला आणि फराळी चिवडा तुमच्यासमोर कालवून देतात. शिकंजी मागवाल तर लिंबू सरबत येणार नाही, घट्ट दुधाचं पेय येईल! आणि जलेबा म्हणजे ताटलीभर एकच जिलबी. तो तर चौघांतच घ्यायचा.

खरेदी करायची असेल तर संध्याकाळी लवकर पोहोचा. साड्या-कपड्यांसाठी सीतलामाता बाजार जवळच आहे, पण ती दुकानं मध्यरात्रीपर्यंत थांबत नाहीत. सोनं घ्यायचं तर दिवसा, सावकाश. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हॉलमार्क बघा, पक्कं बिल घ्या. घरी न्यायला जीरावण आणि लवंगी शेव. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात. आणि जमलं तर शनिवार-रविवार टाळा.

मग धंद्याची नजर

पोट भरल्यावर मी सगळ्यांना एका कडेला उभं केलं. म्हटलं, आता अर्धा तास खायचं नाही, फक्त बघायचं. ताईंनी वहीत तीन गोष्टी लिहिल्या.

पहिली: नावाजलेल्या ठिकाणी पाटी लांबलचक नाही. एक पदार्थ, फार तर तीन-चार. लोक "सराफ्यात जाऊ" म्हणतात आणि लगेच "दही बडा खाऊ" म्हणतात. पदार्थ आणि ठिकाण यांची गाठ बसली की जाहिरात गिऱ्हाईकच करतं.

दुसरी: बनवणं हाच तमाशा. तिथल्या जोशींच्या दही बड्याची ख्याती अशी, की भरलेला द्रोण हवेत उडवून झेलतात आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकामागून एक सोडतात. गिऱ्हाईक वाट बघताना कंटाळत नाही, उलट मोबाईल काढून शूटिंग करतं.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची: इथे कुणी चोवीस तासांची जागा अडवून बसलेलं नाही. गिऱ्हाईक ज्या चार-पाच तासांत येतं, तेवढेच तास धंदा.

ताई बराच वेळ त्या बंद शटरांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "सर, माझं गिऱ्हाईक तर सकाळी नाश्त्याला येतं. दुपारनंतर कोण खातं थालीपीठ? मग मी दिवसभराचं भाडं कशाला भरतेय?"

हिशोब मांडू

हॉटेलवर आल्यावर कागद काढला. थालीपिठाची प्लेट 60 रुपये. पीठ, लोणी, दही, गॅस, पॅकिंग, मदतनीस सगळं वजा जाता ताईंच्या हातात 25 रुपये राहतात. 22 हजार भाडं भागिले 25, म्हणजे 880 प्लेट. महिन्याचे 26 दिवस धरले तर रोज 34 प्लेट फक्त गाळामालकासाठी थापायच्या. घरात एक रुपयाही न येता! त्यात गहाण सोन्याचं व्याज अजून धरलेलंच नाही.

तेच भाडं 5 हजार असेल तर? 200 प्लेट. रोज साधारण 8. पहिल्या तासातच भाडं निघालं.

पण नाण्याची दुसरी बाजूही बघा

सराफ्यात सगळं गोडीगुलाबीचं आहे असं समजू नका. गल्ली अरुंद, गर्दी मोठी, गॅस सिलिंडर रांगेने. आगीची भीती, आणि वाढत चाललेली नव्या पदार्थांची दुकानं, यावरून सराफ मंडळींच्या तक्रारी आहेत. आपली जुनी सोय कुणाच्या तरी खुशीवर चालते, हे तिथल्या खाऊवाल्यांनाही ठाऊक आहे.

म्हणून अर्ध्या वेळेची जागा घ्याल तर तीन गोष्टी पक्क्या करा. एक, करार लेखी हवा: वेळ, भाडं, सोडण्याची मुदत. दोन, जाताना ओटा आला होता त्यापेक्षा स्वच्छ दिसला पाहिजे. तेलाचा एक डाग राहिला की सकाळी मालकाचं डोकं फिरतं. तीन, एफएसएसएआय नोंदणी आणि महापालिकेची परवानगी. ओटा दुकानदाराचा असला तरी तुमची शेगडी फुटपाथवर आली की 2014 चा पथविक्रेता कायदा लागतो, आणि दुकानदाराचा होकार तिथे पुरत नाही.

ताईंचं काय झालं?

सोमवारी टोकन दिलं नाही. तीन आठवडे शोधाशोध केली. दोन दुकानदारांनी सरळ नाही म्हटलं. तिसरा होलसेल कापडवाला, त्याचं दुकान अकराला उघडतं. त्याच्या आवारातला, छपराखालचा ओटा सकाळी सात ते साडेदहा, महिना 5 हजार. करारात ताईंनी स्वतःहून घातलं की शेगडी कापडाच्या बाजूला लावणार नाही.

पहिल्या महिन्यात फार काही उरलं नाही, पावसाने आठ दिवस खाल्ले. पण रोज झोपताना डोक्यावर व्याज नव्हतं. दुसऱ्या महिन्यापासून 30-35 प्लेट जायला लागल्या. आता उद्या गाळा घ्यायचा म्हटलं तरी त्यांच्याकडे अंदाज नाही, आकडे आहेत. आणि बांगड्या हातातच आहेत.

मित्रांनो, गाळा वाईट नाही. पण गिऱ्हाईक कोणत्या वेळेला येतं हे कळायच्या आत घेतलेला गाळा महाग पडतो.

आजचा होमवर्क: उद्या तुमच्या भागात एक चक्कर मारा, सकाळी सातला आणि रात्री नऊला. ज्या वेळेला तुमचं गिऱ्हाईक रस्त्यावर असतं, त्या वेळेला कोणती दुकानं बंद असतात ते वहीत लिहा. पाच नावं लिहा आणि पहिल्या दुकानदाराशी बोलून या. तो काय म्हणाला, ते मला नक्की कळवा.