डिचोलीची न झालेली लढाई

छत्रपती संभाजी महाराजांबद्दलच्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने विकिपीडियाला नोटीस धाडली आणि ‘तिथे काय, कुणीही उठावं नि काहीही लिहावं’ हे जुनं गाऱ्हाणं पुन्हा सुरू झालं. गाऱ्हाण्यात तथ्य आहे. पण गाजणाऱ्या पानावर निदान भांडायला माणसं तरी असतात. ज्या पानाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, भीती तिथली जास्त. त्याचा सगळ्यांत झणझणीत नमुना आपल्या शेजारचाच, गोव्यातल्या डिचोलीचा.

जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘बिचोलिम कॉन्फ्लिक्ट’ हा लेख अवतरला. १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध पेटलं, शेवटी तह झाला, अशी सुमारे साडेचार हजार शब्दांची साग्रसंगीत कहाणी. सप्टेंबरात त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जाही मिळाला! आता १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे, शहाजीराजे आदिलशहाच्या चाकरीत आणि डिचोलीही आदिलशाहीतच. मग मराठा साम्राज्य आलं कुठून? आपल्याकडच्या चौथीतल्या पोरानेही हात वर केला असता. पण हा दर्जा एखाद-दुसरा स्वयंसेवक देतो. भाषा नीट, तळटिपा जागच्या जागी, की झालं. तळटिपांतली पुस्तकं कोण उघडतो? आणि उघडणार तरी कशी, ती अस्तित्वातच नव्हती. २०१२ च्या अखेरीस एक संपादक ती शोधायला बसला, तेव्हा पितळ उघडं पडलं आणि लेख उडवला गेला. तोवर पाच वर्षं ही लढाई बिनबोभाट नांदत होती. ना कुणाच्या भावना दुखावल्या, ना कुणी नोटीस काढली.

विकिपीडियाचे भक्त अशा वेळी ‘नेचर’चा दाखला पुढे करतात. २००५ मध्ये या नियतकालिकाने विज्ञानाचे ४२ विषय घेऊन तज्ज्ञांकडून तुलना करवली. लेखामागे सरासरी चुका विकिपीडियात चार, ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकावाले भडकले, ते असो. पण ते लेख विज्ञानाचे आणि इंग्रजीतले. त्यांच्या जोरावर स्कॉट्स भाषेतल्या विकिपीडियाची हमी कोण देणार? तिथले हजारो लेख ती भाषा धड न येणाऱ्या एका अमेरिकी मुलाने लिहिले होते आणि त्याचा बोभाटा व्हायला २०२० साल उजाडलं.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. लिहिणारे हात मोजके, तपासणारे त्याहून कमी. म्हणून एखाद्या गावाचा किंवा किल्ल्याचा लेख समोर आला की मी आधी ‘इतिहास पहा’वर टिचकी मारतो. किती जणांनी हात लावलाय, शेवटची दुरुस्ती कधीची, हे तिथे तारीखवार दिसतं. मग ‘चर्चा’ उघडतो. तिथे हमरीतुमरी चाललेली दिसली की जरा बरं वाटतं. पान कोरं असेल, तर लेखातली एकही सनावळी पुस्तकात पडताळल्याशिवाय मी उचलत नाही.