जागल्यांचे संरक्षण
जागल्यांचे संरक्षण : लोकसेवेतील भ्रष्टाचार, अधिकाराचा दुरुपयोग किंवा सार्वजनिक निधीची हानी सक्षम प्राधिकाऱ्याच्या निदर्शनास आणणाऱ्या व्यक्तीस सूडाच्या कारवाईपासून दिलेले विधिमान्य संरक्षण. रात्री गस्त घालून गावाची राखण करणाऱ्या गावकामगारास मराठीत ‘जागल्या’ म्हणत. तोच शब्द आता या अर्थाने रूढ झाला आहे.

लोकसेवकाच्या आचारसंहितेत दोन प्रकारची बंधने असतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 यांनुसार शासकीय कर्मचाऱ्याने सचोटी व कर्तव्यनिष्ठा राखणे आवश्यक आहे. त्याचबरोबर, अधिकार नसताना शासकीय माहिती बाहेर देण्यास त्यास मनाई आहे. एरवी या बंधनांत विरोध नसतो. परंतु वरिष्ठांच्या संमतीनेच गैरव्यवहार होत असेल, तर सचोटी बोलण्यास आणि गोपनीयता मौन पाळण्यास सांगते. हा पेच सोडविणे, हे संरक्षण-विधीचे मुख्य प्रयोजन होय.

गैरव्यवहाराची पहिली जाणीव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्यासच होते. उदा., नाशिकजवळील एकलहरे येथे आहे तशा औष्णिक विद्युत् केंद्रात कोळशाचे वजन व प्रत नोंदींवरून ठरते. ग्राहकाच्या हाती केवळ विजेचे देयक पडते. अशा ठिकाणी नोंद व वस्तुस्थिती यांत तफावत पडल्यास ती नमुने घेणाऱ्या कर्मचाऱ्याखेरीज इतरांस सहसा कळणार नाही. त्याची बदली वा निलंबन होण्याचे भय असेल, तर लेखापरीक्षणही अपुरे ठरते.

भारतात विधी आयोगाने 2001 मध्ये या विषयावर अहवाल सादर केला. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती करून कामांतील गैरप्रकार पंतप्रधान कार्यालयास कळविले होते. ते नाव गुप्त राहिले नाही. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गया येथे त्यांचा खून झाला. तो लुटीच्या हेतूने झाल्याचा निष्कर्ष पुढे तपासात निघाला, तरी नाव उघड होण्यातील धोका देशापुढे आला. एप्रिल 2004 च्या ठरावाने केंद्रीय दक्षता आयोगास अशा तक्रारी स्वीकारण्याचा अधिकार मिळाला.

महाराष्ट्रातही या प्रश्नाची तीव्रता दिसून आली. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा 13 जानेवारी 2010 रोजी खून झाला. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ इंधन-भेसळीचा प्रकार पकडण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारण्यात आले. 2012 मध्ये जलसंपदा विभागाचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांचा वाढता खर्च व कामांचा दर्जा यांविषयी शासनास पत्र लिहिले. त्याच वर्षी शासनाने सिंचनावर श्वेतपत्रिका काढली आणि पुढे माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले.

संसदेने 2014 मध्ये जागल्या संरक्षण अधिनियम संमत केला. त्यानुसार कोणाही व्यक्तीस तक्रार करता येते. मात्र निनावी तक्रार विचारात घेतली जात नाही. तक्रारदाराची ओळख उघड करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत, तर जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. केलेली कारवाई सूडाची नव्हे, हे सिद्ध करण्याचा भार संबंधित प्राधिकरणावर असतो. तथापि संमतीनंतर अनेक वर्षे लोटूनही अधिनियम अंमलात आणणारी अधिसूचना निघाली नाही. तक्रारीच्या विषयांवर मर्यादा घालणारे 2015 चे दुरुस्ती विधेयकही 2019 मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने व्यपगत झाले.

राज्यात 1971 च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले लोकायुक्त आणि मुदतपूर्व बदलीसाठी लेखी कारणे आवश्यक ठरविणारा 2005 चा बदल्यांचा अधिनियम यांमुळे काही अंशी आधार मिळतो. मात्र तक्रारदाराची गुप्तता व सेवासुरक्षितता यांची हमी नसेल, तर आचारसंहितेतील सचोटीचा सर्व भार एकट्या कर्मचाऱ्यावर पडतो.