हिवाळा, वाळवंट आणि चाकांवरचं घर

थंडीची चाहूल लागली की अमेरिकेच्या उत्तरेकडून आणि कॅनडातून हजारो निवृत्त जोडपी आपलं चाकांवरचं घर घेऊन ॲरिझोना आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटाकडे निघतात. तिकडे त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात, बर्फ टाळायला स्थलांतर करणारे पक्षी. एप्रिलपर्यंत ती तिथेच असतात. तिकडे स्थायिक झालेली आपल्याकडची पहिली पिढीही आता निवृत्तीच्या वयात आहे. त्यांच्यातल्या एखाद्या जोडप्यानं असा हिवाळा काढायचं मनावर घेतलं, तर ते सगळं चालतं कसं, हे क्रमानं पाहू.

पहिला प्रश्न गाडीचा. आरव्ही म्हणजे आत स्वयंपाकघर, पलंग आणि संडास असलेली गाडी. तिचे दोन ढोबळ प्रकार आहेत. एकात इंजिन आणि घर एकत्र असतं, त्याला मोटरहोम म्हणतात. दुसरा ट्रेलर, म्हणजे आपल्या पिकअप ट्रकमागे ओढायचं घर. ट्रेलर सोडून ठेवला की वाणसामान आणायला ट्रक मोकळा राहतो, पण तो उलटा मागे घेणं हे शिकावं लागणारं काम आहे. मोटरहोम चालवायला सोपं, मात्र दूध आणायचं तरी अख्खं घर हलवावं लागतं. म्हणून बरेच जण त्याच्यामागे एक छोटी मोटार बांधून नेतात. विकत घेण्याआधी आठ-पंधरा दिवस भाड्यानं घेऊन पाहावी. प्रदर्शनात सोफा छान वाटतो, पण रात्री दोनला संडासाला उठल्यावर जोडीदाराच्या अंगावरून जावं लागतं का, ते तिथे कळत नाही.

मग मार्ग. इथे बहुतेक जण नकाशावरचं उत्तर-दक्षिण पाहतात आणि उंची विसरतात. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंश सेल्सिअसनं थंड होते. ॲरिझोनातलं युमा समुद्रसपाटीपासून पन्नास मीटरसुद्धा उंच नाही, क्वार्टझाइट २७० मीटरच्या आसपास, टूसॉन सातशेच्या वर. फ्लॅगस्टाफ आणि ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ मात्र २१०० मीटरच्या घरात. तिथे जानेवारीत बर्फ असतो आणि गाडीखालचे पाण्याचे नळ गोठून फुटू शकतात. ‘ॲरिझोना म्हणजे ऊन’ एवढ्या भरवशावर निघणारे नेमके इथेच फसतात. डिसेंबर-जानेवारी सखल भागात काढावा आणि कॅन्यन परतीच्या वाटेवर ठेवावा.

मुक्कामाच्या जागा दोन तऱ्हेच्या. खासगी आरव्ही पार्कात वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. शेजार असतो, पत्त्यांचे डाव असतात, आणि भाडंही चांगलंच असतं. दुसरी तऱ्हा म्हणजे ‘बूनडॉकिंग’: कसलीही जोडणी नसलेल्या मोकळ्या जमिनीवरचा मुक्काम. ही जमीन बहुतेक ठिकाणी बीएलएम या केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याची असते. तिथे सामान्यपणे २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं, मग जागा बदलावी लागते.

ज्यांना हलायचंच नाही, त्यांच्यासाठी याच खात्यानं दीर्घ मुक्कामाची क्षेत्रं ठरवून दिली आहेत. क्वार्टझाइटजवळचं ला पोसा आणि युमाजवळचं इम्पीरियल डॅम ही त्यांतली ठळक. हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. बरीच वर्षं संपूर्ण हंगामाचा परवाना १८० डॉलरला आणि १४ दिवसांचा ४० डॉलरला मिळत असे. निघण्यापूर्वी चालू दर विचारून घ्यावा. क्वार्टझाइट हे एरवी दोन-अडीच हजार वस्तीचं गाव, जानेवारीत मात्र क्षितिजापर्यंत गाड्याच गाड्या दिसतात. गावच्या दफनभूमीत पिरॅमिडच्या आकाराची एक कबर आहे, वर तांब्याचा उंट. १८५० च्या दशकात अमेरिकी लष्करानं वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीची ती कबर. मुंबईच्या हाजी अलीशी नाव जुळतं, नातं काही नाही.

जागा निवडताना सपाट, वाळूची, दोन्ही बाजूंना झुडपांची सावली असलेली पट्टी मोहात पाडते. तो बहुधा ‘वॉश’ असतो, पावसाळी ओढ्याचं कोरडं पात्र. दूर डोंगरात पाऊस झाला, तर आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही तिथून पाण्याचा लोंढा येऊ शकतो. पूर नाही आला, तरी मऊ वाळूत चाकं रुततात. गाडी आत घालण्याआधी उतरून पायी फिरून यावं. टाच सहज रुतत असेल तर जागा सोडावी.

गाडी लावली की पहिलं काम ती समतल करण्याचं. हे आरामासाठीच असतं असं नाही. पुष्कळ आरव्हींमधला फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतो. त्यात पंप नसतो. अमोनियाचं द्रावण नळ्यांतून उतारानं आपोआप वाहतं. गाडी कलती असेल तर ते साचतं, तापतं आणि कालांतरानं नळ्या बुजतात. मग फ्रिज बहुधा दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. पाणसळ जवळ ठेवावी आणि चाकांखाली घालायचे ठोकळेही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पाणी. गाडीत तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, अंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची ग्रे टँक आणि संडासाची ब्लॅक टँक. नवख्यांना वाटतं की मुक्काम पिण्याच्या पाण्यावर अवलंबून. तसं होत नाही. स्वच्छ पाणी कॅन भरून आणता येतं आणि टाकीत ओतता येतं. भरलेली ग्रे टँक मात्र तुम्हाला गाडी हलवायला लावते. जमिनीवर सांडपाणी सोडायला दीर्घ मुक्कामाच्या क्षेत्रांत मनाई आहे. समजा, स्वच्छ टाकी १५० लिटरची आणि ग्रे टँक १२० ची. दोघांनी मिळून दिवसाला ४० लिटर वापरलं, तर तीन दिवसांत सामान आवरावं लागेल. तेच १५ लिटरवर आणलं, तर आठवडा सहज निघतो.

हा फरक पडतो तो भांडी आणि अंघोळ यांमुळे, त्यात आपल्या स्वयंपाकात तेलकट भांडी भरपूर. कढई आणि ताटं आधी कागदानं पुसून घ्यावीत, मग वाटीभर पाण्यात धुवावीत. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी संडासात ओतण्यासाठी ठेवावं. अंघोळ करताना अंग ओलं करून नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ.

ब्लॅक टँकबाबत एकच मोठी चूक सर्रास होते. पार्कात सांडपाण्याची जोडणी असते म्हणून लोक तिची झडप कायम उघडी ठेवतात. पाणी वाहून जातं, मळ मागे राहून वाळतो आणि त्याचा ढिगारा घट्ट बसतो. झडप बंदच ठेवावी. टाकी दोन तृतीयांशाच्या वर भरल्यावर, भरपूर पाण्यासकट एकदम सोडावी. जोडणी नसेल तर हे काम ‘डंप स्टेशन’वर होतं, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्याच्या ठिकाणी. हातमोजे घालायचे, आधी ब्लॅक टँक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो. आतला दर्शक टाकी रिकामी असतानाही ‘भरली’ दाखवू शकतो, कारण कागदाचा तुकडा त्याला चिकटलेला असतो. त्याच्यावर फार विसंबू नये.

विजेचं गणित रात्री चुकतं. गरम हवेची भट्टी प्रोपेनवर, म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसवर चालते, म्हणून लोक निर्धास्त झोपतात. पण ती हवा ढकलणारा पंखा बॅटरीवर चालतो आणि सुमारे सात अँपिअर ओढतो. थंड रात्री तो मिळून सहा तास फिरला, तर ४२ अँपिअर-तास गेले. १०० अँपिअर-तासांची जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये असा संकेत आहे, म्हणजे हाताशी जेमतेम पन्नास. दिवे आणि पाण्याचा पंप धरले की पहाटे चारला गॅस शिल्लक असूनही गाडी गार पडते. वाळवंटातली थंडी नेमकी तेव्हापासून सूर्योदयापर्यंत सर्वांत बोचरी असते. भट्टी १२-१३ अंशांवर ठेवून जाड रजया घेणं हा सर्वांत स्वस्त उपाय. लिथियम बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते, पण ती शून्य अंश तापमानाखाली चार्ज करू नये.

दिवसा बॅटरी भरायला सौर पॅनेल. क्वार्टझाइटला डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ३३ अंशांवर असतो. छतावर आडवी टाकलेली पॅनेल त्यामुळे निम्म्याच्या आसपासच काम करतात. ती दक्षिणेकडे तिरपी उभी केली की फरक त्याच दिवशी दिसतो. इंडक्शन शेगडी आणि मिक्सर मात्र जनरेटर लावल्यावरच.

गॅसची शेगडी लावताना छताची खिडकी उघडावी. फोडणीनं धुराचा अलार्म वाजतो, आणि वैतागून तो काढून ठेवायचा मोह होतो. धुराचा असो की कार्बन मोनॉक्साइडचा, कोणताच अलार्म काढू नये. एवढ्याशा जागेत मोनॉक्साइड, या बिनवासाच्या विषारी वायूनं झोपेत माणसं दगावतात.

वारा अचानक सुटतो. बाहेर जाताना किंवा झोपताना कापडी छपरी गुंडाळावी. इंजिनजवळ ‘पॅकरॅट’ नावाचे उंदीर घरटं करतात आणि तारा कुरतडतात. रात्री बॉनेट उघडं ठेवल्यानं त्यांना आडोसा मिळत नाही, असा तिथला जुना उपाय.

कागदपत्रं शेवटी, पण विसरू नयेत. मूळ सरकारी मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा आरोग्यविमा, देशभर चालतं, त्याच्याच खासगी कंपन्यांमार्फतच्या ॲडव्हान्टेज योजना बरेचदा ठरावीक भागापुरत्या असतात. घरून निघण्यापूर्वी विचारावं. ६२ किंवा त्याहून अधिक वयाच्यांना राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन ज्येष्ठ पास ८० डॉलरला मिळतो, मात्र तो नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच. मुलांकडे व्हिसावर आलेल्या आईवडिलांना नाही. सीमेलगतच्या महामार्गांवर तपासणी नाकी असतात, आणि ग्रीन कार्ड जवळ बाळगणं कायद्यानं बंधनकारक आहे. युमाजवळून पायी मेक्सिकोतल्या लोस आल्गोदोनेसला स्वस्तात दात करून घ्यायला पुष्कळ जण जातात, तेव्हाही हे लक्षात ठेवावं.

मुक्काम हलवताना एकानं लगेच स्टिअरिंगशी बसू नये; दोघांनी मिळून गाडीभोवती एक फेरी मारावी. पायरी आत, छपरी बंद, अँटेना खाली, छताची खिडकी लावलेली, पाइप काढलेला. ट्रेलर असेल तर मागचे दिवे लावून बघावेत. मग गाडी ठोकळ्यांवरून उतरवून ते उचलावेत.