परळच्या चाळीतून परदेशी, आणि परत आपल्या बांधावर



गेल्या पंधरवड्यात एक शेतकरी सातबारा हातात घेऊन पंचायत समितीत आले. मला वाटले, ठिबकच्या अनुदानाचे काम असेल. पण त्यांनी वेगळाच विषय काढला. त्यांची मुलगी कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका सहामाहीसाठी परदेशातल्या विद्यापीठात शिकायला तिची निवड झाली आहे. तिकडची फी भरायची नाही, मात्र विमानाचे भाडे आणि राहण्या-जेवणाचा खर्च आपला. "साहेब, एक एकर काढला तर भागंल का? का पोरीला नको म्हणून सांगू?"

सातबारा पाहिला. अडीच एकर जिरायत, त्यावर चार भावांची नावे.

आता हा प्रश्न कृषी विस्तार अधिकाऱ्याचा नव्हे, असे कोणी म्हणेल. मलाही आधी तसेच वाटले. पण अडीच एकरांवर चार घरे बसलेली असताना त्यातली एक मुलगी बाहेर पडू पाहते, हा जमिनीचाच प्रश्न आहे. परदेशात शिकून आलेल्या एका माणसाने त्यावर १९१८ सालीच लिहून ठेवले आहे. तो मुंबईत परळला, पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत राहत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांना आपण घटनेसाठी ओळखतो. ते मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी, हे गावात फारसे बोलले जात नाही. १९१२ साली ते मुंबईत बी. ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील रामजी सकपाळ वारले आणि त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेला पाठवायचे ठरवले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार. फुकट काही नव्हते, हे लक्षात घ्या. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. वय बावीस.

सुरुवातीचे दिवस सोपे गेले नाहीत. वसतिगृहातले जेवण मानवेना, म्हणून आठवड्याभरातच जागा बदलली. पुढे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर एका खोलीत राहिले. ती मैत्री जन्मभर टिकली.

पण अभ्यास कसा केला ते पाहा. तिकडे विषय आपण निवडायचे असतात. त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, शिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, वर थोडी फ्रेंच आणि जर्मन. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे गुरू मिळाले. १९१५ साली एम. ए. झाले. मुदतीचे पैसे आहेत, मुदत संपायच्या आत जेवढे पदरात पडेल तेवढे घ्यायचे, असा तो हिशेब. पाण्याची पाळी चार तासांची असली की आपण बांधावर झोपतो का? तसेच ते.

तेथून १९१६ साली लंडनला गेले. तिथला अभ्यास अर्धा झाला आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. परतावे लागले. येताना एक शहाणपण केले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. करारानुसार बडोद्याला नोकरीला गेले, तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. नाव लपवून पारशी खानावळीत राहिले, तिथूनही हाकलले गेले. एवढे शिकून आलेल्या माणसाची ही गत! ते पुन्हा मुंबईला परळच्या चाळीत आले.

आणि याच काळात, १९१८ मध्ये, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर इंग्रजीत निबंध लिहिला. आपल्या कामाचा भाग इथे सुरू होतो.

त्या वेळी सरकारात चर्चा चालली होती की तुकडे फार झाले, ते एकत्र केले की शेती सुधारेल. मुंबई इलाख्याचे शेती संचालक कीटिंग यांचे म्हणणे असे की, ज्यावर कुटुंब बऱ्यापैकी जगते ती किफायतशीर जमीन. बाबासाहेबांनी हे खोडून काढले. ते म्हणाले, खाणारी तोंडे किती यावर जमीन किफायतशीर ठरत नाही. त्या जमिनीला जोडलेले बैल, अवजारे, भांडवल आणि राबणारे हात यांचे प्रमाण जुळते का, हे पाहायला हवे. भांडवल तुटपुंजे असेल तर मोठी जमीनही तोट्यात, आणि प्रमाण जुळले तर लहान जमीनही फायद्यात. आपल्याकडे खरी अडचण अशी की जमिनीला लागतात त्यापेक्षा जास्त हात तिच्यावर बसले आहेत. ते हात रिकामे असतात पण खातात. म्हणून नुसती तुकडेजोड करून भागणार नाही. उद्योगधंदे वाढले, जादा हात तिकडे गेले, की शेतीवरचा भार हलका होईल.

तलाठी भाऊसाहेबांना तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा पाठ आहे. तो १९४७ चा. त्यानंतर काय झाले? कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात १९७०-७१ साली खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरवर आली. गटांचे नकाशे जुळवले, पण माणसे तिथेच राहिली. परळला लिहिलेले ते म्हणणे खोटे ठरले, असे निदान मला तरी दिसत नाही.

पुढची हकिकतही थोडक्यात सांगतो. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, भथेनांकडून कर्ज घेतले, आणि १९२० साली लंडन गाठून अभ्यास पुरा केला. मागे परळला रमाबाईंनी काटकसरीत घर ओढले. त्याचा हिशेब कोणत्या पदवीवर लिहिलेला नाही. १९३७ मध्ये कोकणातल्या कुळांसाठी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले ते याच माणसाने.

आता आपल्या शेतकरी बंधूकडे येऊ. मी त्यांना सांगितले, पोरीला नको म्हणू नका आणि जमीनही काढू नका. एक तर सामायिक खाते, भावांच्या संमतीशिवाय पुढे सरकणार नाही. तुकडा प्रमाणभूत क्षेत्राच्या खाली गेला तर खरेदीखत अडेल. आणि घाईने विकणाऱ्याला भाव कोण देतो? पीककर्जाचा पैसा तर अशा कामाला अजिबात वळवू नका. पेरणीला हात रिकामे राहतील.

आधी कॉलेजचे पत्र नीट वाचा. विद्यार्थी अदलाबदलीत मुलीचे नाव इथल्याच कॉलेजात राहते, फी इथेच भरतात. पण तिकडे पास केलेले विषय इथे धरले जाणार का, हे लेखी हवे. नाही तर सहामाही वाया जाऊन वर्ष मागे पडते. राहण्याची जागा विद्यापीठ देते की आपण शोधायची, विम्याचे आणि व्हिसाचे किती, प्रवासखर्चाला मदत आहे का, हे मुलीनेच विचारावे. तीन वर्षे शेतीशास्त्र शिकलेल्या मुलीला एवढे पत्र लिहिता येते. पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तीही गावात माहीत असू द्या.

ते पत्र आम्ही दोघांनी मिळून वाचले. बाकी सगळे होते, विषय धरले जातील याबद्दल मात्र ओळ नव्हती. मुलीने कॉलेजला विचारले आहे. उत्तर यायचे आहे. तोवर वडिलांनी गेल्या दोन वर्षांच्या तुरीच्या पट्ट्या आणि दुधाचा हिशेब काढून ठेवला आहे, शैक्षणिक कर्जासाठी बँकेत दाखवायला. एका भावाने दोन शेळ्या विकून पासपोर्टचा आणि धावपळीचा खर्च करतो म्हटले आहे.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींना एक विनंती. उत्पन्नाचे, रहिवासाचे, जातीचे कागद मागायला असे कोणी आले, तर त्यांना पुढच्या आठवड्याची तारीख देऊ नका. या अर्जांना मुदत असते, आणि ती तिकडच्या विद्यापीठाची असते, आपल्या हातात नसते.

कोणाच्या घरी असे पत्र आले असेल तर ते सातबाऱ्यासह घेऊन या. मंगळवारी दुपारपर्यंत मी पंचायत समितीतच असतो.