स्विचगिअरच्या आत (लेख ९) : दोन पीटी केव्हा पुरतात?

मागच्या आठवड्यात सीटी निवडताना प्रवाहाचा विचार केला, आता व्होल्टेजकडे वळू. ११ केव्हीच्या पॅनेलमध्ये पीटी किती आणि कसे जोडायचे, हे बहुतेकदा आधीच्या कामाच्या ड्रॉइंगवरून उचलले जाते, फार तर किमतीवरून ठरते. वास्तविक आधी विचारायला हवे की न्यूट्रल जमिनीशी कसे जोडले आहे आणि एक फेज जमिनीला टेकली तर ते कळणार कोणाला. पर्याय मुख्यतः दोन आहेत. फेज-फेजमध्ये जोडलेले दोन पीटी, म्हणजे व्ही जोडणी, ११०००/११० व्होल्टची. किंवा प्रत्येक फेज आणि जमीन यांच्यामध्ये एकेक असे तीन, म्हणजे स्टार जोडणी, जिच्यात दुय्यम बाजूला फेजमागे ६३.५ व्होल्ट मिळतात.

सहवीजनिर्मिती करणाऱ्या साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. जनरेटर ११ केव्हीचा, त्याचे न्यूट्रल रोधातून जमिनीला जोडलेले, आणि ग्रिडला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची ११ केव्हीची बाजू डेल्टा, अशी मांडणी नेहमीची. हंगामात जनरेटर चालू असतो तोवर जमिनीशी नाते टिकते. गाळप संपले, जनरेटर बंद झाला आणि त्याच ट्रान्सफॉर्मरमधून ग्रिडची वीज उलट घ्यायला सुरुवात झाली, की वेगळा अर्थिंग ट्रान्सफॉर्मर नसल्यास ११ केव्हीचा बस जमिनीपासून तुटतो. आता एखाद्या केबलची एक फेज जमिनीला टेकली तर केबलांच्या धारितेतून जेमतेम काही अँपिअर वाहतील आणि प्रवाहावर चालणारा रिले गप्प राहील. फेज-फेज व्होल्टेज ११ केव्हीच राहते, त्यामुळे व्ही जोडणीलाही काही दिसत नाही. दरम्यान निरोगी फेजांचे जमिनीसापेक्ष व्होल्टेज ६.३५ वरून ११ केव्हीवर गेलेले असते आणि सगळे इन्सुलेशन तो ताण सोसत असते. हे फक्त स्टार जोडणी पाहू शकते. तिच्या ११०/३ व्होल्टच्या ओपन डेल्टा वेटोळ्यात एरवी जवळपास शून्य असते, अशा वेळी तिथे ११० व्होल्ट उमटतात. मात्र पीटी तीन सुटे तरी हवेत, नाहीतर गाभा पाच पायांचा हवा; तीन पायांच्या गाभ्यात या फ्लक्सला परतायला नीट वाटच नसते.

यावर पहिला आक्षेप मीटरवाल्यांचा: तीन तारांच्या यंत्रणेत दोन घटकांचा मीटर वीज अचूक मोजतो, मग तिसरा पीटी कशाला? ब्लॉन्डेलचा सिद्धांत त्यांच्या बाजूने आहे आणि निव्वळ मोजणीपुरते ते बरोबरच आहेत. पण मोजणीला पुरेसे ते संरक्षणालाही पुरेसे, असे त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जमिनीपासून तुटलेल्या यंत्रणेत स्टार पीटीचे प्राथमिक न्यूट्रल जमिनीला जोडले, की पीटीचा गाभा आणि केबलची धारिता यांच्यात फेरोरेझोनन्स पेटू शकतो आणि पीटी जळू शकतात. धोका खरा आहे. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे ओपन डेल्टाच्या टोकांना योग्य मापाचा रोध जोडणे. म्हणूनच, आधुनिक न्यूमेरिकल रिले तीन फेजांवरून ती बेरीज स्वतः काढतो म्हणून ते वेटोळे वगळण्याची काटकसर मला पटत नाही. किमतीचा मुद्दा तर दिसतो तितका मोठा नाही, कारण व्ही जोडणीतल्या पीटीची दोन्ही टोके पूर्ण इन्सुलेशनची लागतात, स्टारमधल्याचे एकच.

मोटरचे अंडरव्होल्टेज संरक्षण, जनरेटरचा एव्हीआर, सिंक्रोनायझिंग यांना फेज-फेज व्होल्टेज पुरते. तिथे व्ही जोडणी खुशाल वापरावी. बस वर्षातून काही दिवस जरी जमिनीपासून तुटत असेल, तर त्यावर तीनच पीटी हवेत. आणि ऑर्डर देताना व्होल्टेज फॅक्टर तपासा: ३० सेकंदांसाठी १.५ हा भक्कम अर्थिंगच्या यंत्रणेसाठी असतो, इथे ८ तासांसाठी १.९ लिहिलेला हवा.